फोन माझा, किल्ली कुणाची?

फोन विकत घेतला की तो आपला होतो, असं आपण धरून चालतो. पावती आपल्या नावावर असते, हप्ते आपण फेडतो, काच तडकली तर जीव आपलाच तुटतो. तरीही एका बाबतीत हा फोन आपल्याला मालक मानत नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. आपण टाकलेल्या प्रत्येक अ‍ॅपला दहा हजारांच्या पुढचा एकेक क्रमांक मिळतो. शून्य हा क्रमांक मात्र एकाचाच, रूटचा. रूट कुठलीही फाइल वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. फोन दुकानातून घरी येतो तेव्हा हा शून्य क्रमांक त्यात असतोच, फक्त तो तुम्हाला दिलेला नसतो. पैसे मोजलेला माणूस आपल्याच फोनमध्ये पाहुण्यासारखा राहतो. ओसरीवर बसायचं, पाणी मागायचं, माजघरात जायचं नाही.

फोन रूट करणं म्हणजे त्या माजघरात जाणं. ते बरोबर की चूक, हा प्रश्न तांत्रिक आहे असं वाटतं. ‘वॉरंटी जाते’, ‘बँकेचं अ‍ॅप चालत नाही’, ‘फोनची वीट होते’ अशी उत्तरंही तयार असतात. पण वॉरंटी जाते म्हणून एखादी गोष्ट चूक ठरत नाही, आणि जमते म्हणून ती बरोबरही ठरत नाही. मला या लेखात त्या उत्तरांच्या खालचा प्रश्न विचारायचा आहे. एखादी वस्तू माझी आहे म्हणजे नेमकं काय माझं आहे? ती उघडायचा हक्क त्यात येतो का? आणि उघडल्यावर आत जे जे दिसेल, ते सगळंच माझं होतं का?

मी खर्ड्याचा. गावात कुणाचा फोन लोगोवर अडकला, सारखा बंद-चालू व्हायला लागला, की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. हा माझा धंदा नाही, हौस आहे. पण हौसेतही माणसाला ठरवावं लागतं की कुठल्या दाराला हात लावायचा आणि कुठल्या नाही.

*

रूट करणाऱ्या पोरांकडे उनाड म्हणून बघितलं जातं. गेममध्ये फुकटचे कॉइन मिळवायचे, जाहिराती घालवायच्या, मित्रांसमोर भाव खायचा, यापलीकडे त्यांना काही नको असतं अशी समजूत आहे. ती निम्मी खरीही आहे. पण मराठी वाचणाऱ्यांनी तरी एक जुनी गोष्ट विसरू नये.

२०१०-११च्या सुमारास आपल्याकडे स्वस्त अँड्रॉइड फोन यायला लागले. २.२, २.३ अशा आवृत्त्यांचे दिवस होते ते. त्यातल्या बहुतेक फोनवर मराठी पान उघडलं की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. देवनागरीचा फॉन्टच फोनमध्ये नसायचा. काही जण ऑपेरा मिनीच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन एक पर्याय चालू करायचे, मग अक्षरं चित्राच्या रूपात यायची. पण ती त्या ब्राउझरपुरतीच. मेसेजमध्ये, कॉन्टॅक्टमध्ये पुन्हा चौकोनच. यावर उपाय एकच होता. फोन रूट करायचा, सिस्टिमच्या फोल्डरमधल्या फॉन्टच्या कप्प्यात जायचं, तिथली ‘ड्रॉइड सान्स फॉलबॅक’ ही फाइल बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी देवनागरी अक्षरं असलेली फाइल ठेवून फोन पुन्हा चालू करायचा. तेवढं करूनही पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडल्यासारखी दिसायची, कारण अक्षरं जुळवणारी यंत्रणा फोनमध्ये नव्हती. पण चौकोनांपेक्षा ती मोडकी अक्षरं बरी. आईचं नाव आईचं नाव म्हणून वाचता यायचं.

त्या माणसाने काय गुन्हा केला? कुणाचं काही चोरलं नाही, कुणाला फसवलं नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूवर स्वतःची भाषा वाचता यावी, एवढंच त्याला हवं होतं. कंपनीने काही मुद्दाम मराठीचं वाईट चिंतलं नव्हतं. फोन बनवताना तिच्या डोळ्यांसमोर मराठी वाचणारा माणूसच नव्हता. कुलूप लावणाऱ्याला सगळ्यांच्या गरजा कधीच आधी दिसत नाहीत, आणि ज्यांची गरज त्याला दिसत नाही त्यांना कुलूप तोडण्याशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून एखादं कुलूप न्याय्य आहे का हे तपासताना मी आधी बघतो की त्यात कोण अडकलंय.

*

आता कुलपाची बाजू. ती खरोखर मजबूत आहे, आणि रूटच्या नादात आपण ती नीट ऐकून घेत नाही.

गेल्या काही वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते. माणूस ती उघडतो, अ‍ॅप बसतं, मागेल त्या परवानग्या त्याला दिल्या जातात आणि ओटीपी परस्पर दुसऱ्याकडे जायला लागतात. पोलिसांनी यावर वारंवार इशारे दिले आहेत. बंद फोनमध्ये असं अ‍ॅप बरंच नुकसान करतं, पण त्याला निदान परवानगी तरी मागावी लागते. रूट केलेल्या फोनमध्ये घाईघाईने एकदा ‘परवानगी द्या’ दाबलं की मागायला काही उरतच नाही. म्हणूनच अँड्रॉइडने ४.४ या आवृत्तीपासून सिस्टिमच्या फाइली कुणी बदलल्या आहेत का हे तपासायची सोय आणली आणि ७.० पासून ती तपासणी सक्तीची केली. हल्लीच्या फोनमध्ये सिस्टिमची फाइल थेट बदलणं जवळपास संपलं आहे. २०१६मध्ये आलेल्या मॅजिस्कसारख्या साधनांनी मग वेगळी वाट काढली. मूळ फाइलला हात न लावता तिच्यावर बदललेल्या फाइलचं पांघरूण घालायचं.

आमच्या गावात दूध डेअरीचे पैसे, पीकविम्याचे पैसे, पोराच्या फीचे पैसे, सगळं एकाच फोनमधून जातं. अशा माणसाच्या फोनला पक्कं कुलूप असणं ही मोठी सोय आहे.

पण कुलूप आणि कोंडवाडा यांतला फरक खर्ड्याच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. ११ मार्च १७९५ला इथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. सवाई माधवराव पेशवे होते, नाना फडणवीसांचा कारभार होता. निजाम अलीने माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. भिंती भक्कम होत्या. पण मराठ्यांनी किल्ल्याला वेढा दिला, आतल्या लोकांचे पाण्यासाठी हाल झाले आणि काही दिवसांतच निजामाला पेशव्यांच्या अटींवर तह करावा लागला. ज्या भिंतींनी बाहेरच्यांना अडवायचं, त्यांनीच आतल्यांना कोंडलं. भिंत तीच होती, दगडही तेच. दार कधी उघडायचं हे बाहेरचे ठरवायला लागले, एवढाच फरक पडला.

आपल्या घरांनाही दोन कड्या असतात. रात्री आपण आतून कडी लावतो, ती सुरक्षा. तीच कडी दुसऱ्या कुणी बाहेरून लावली की आपण कोंडले जातो. लोखंड एकच असतं. फोनचं कुलूप वाईट की चांगलं, हा वाद म्हणूनच मला अर्धवट वाटतो. ही कडी कुठल्या बाजूने लावली आहे, हा खरा प्रश्न आहे.

काही कंपन्या बूटलोडर उघडायची सोय देतात. आधी इशारा देतात, फोनमधला सगळा डेटा पुसतात, मग उघडू देतात. ही आतली कडी. ती काढायला जड आहे, पण काढता येते. काही कंपन्या अर्ज करायला लावतात आणि काही दिवस थांबवतात. आणि काही कंपन्या किल्लीच देत नाहीत. फोन दहा वर्षांचा होवो, कंपनीने अपडेट द्यायचं कधीच बंद केलेलं असो, कडी बाहेरूनच राहते.

हा वाद फोनपेक्षा जुना आहे. अमेरिकेत टीव्हीचे कार्यक्रम टिपून ठेवणारं टिवो नावाचं यंत्र होतं. त्यात लिनक्स होतं, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचायला आणि बदलायला खुला होता. पण बदललेला कोड ते यंत्र चालवून घ्यायचंच नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी याला हरकत घेतली. वाचायचं स्वातंत्र्य देऊन चालवायचं स्वातंत्र्य काढून घेतलं तर त्या स्वातंत्र्याला अर्थ काय, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून २००७च्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा कुलपाविरुद्ध कलम आलं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी मात्र लिनक्सचं कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर ठेवलं. यंत्र कसं बनवायचं हे परवान्याने सांगू नये, असं त्यांचं म्हणणं. आपल्या हातातला अँड्रॉइड त्याच कर्नलवर चालतो. म्हणजे दोन विचारी माणसांमधला हा न मिटलेला वाद आपण रोज खिशात घेऊन फिरतो.

*

इथपर्यंत मी स्टॉलमन यांच्या बाजूचा होतो. वस्तू माझी तर किल्ली माझी, विषय संपला. गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या गल्लीतल्या एक मावशी फोन घेऊन आल्या आणि विषय संपला नसल्याचं माझ्या लक्षात आलं.

फोन साधारण २०१५चा, अँड्रॉइड ५.१. आधी तो त्यांच्या मुलाचा होता. मुलगा चाकणला कामाला गेला, नवा फोन घेतला आणि जुना वडिलांना दिला. मुलाने तो कधीकाळी रूट करून ठेवलेला, त्यात कॉल रेकॉर्ड करणारं अ‍ॅपही तसंच चालू राहिलेलं. दोन वर्षांपूर्वी मावशींचे यजमान गेले. फोनमध्ये त्यांचे कॉल होते. बाजारभाव विचारणारे, पाण्याच्या पाळीवरून भांडणारे, लेकीला ‘कधी येतीस’ म्हणणारे. मावशी रोज रात्री त्यातला एखादा ऐकायच्या. दिवाळीत नातू आला, त्याने गेमसाठी आत काहीतरी बदललं आणि फोन लोगोवर अडकला. शहरातल्या एका दुकानात दाखवला तर ते म्हणाले, सगळं पुसून नवा करून देतो.

“फोन गेला तर गेला बाळा,” मावशी म्हणाल्या, “त्यांचा आवाज तेवढा राहू दे.”

तो फोन कंपनीने पाठवला तसा कुलूपबंद असता, तर तो आवाज वाचणं फार अवघड होतं. कुलूप उघडायचं म्हणजे डेटा पुसायचा, असाच नियम आहे. पण मुलाने रूट करताना त्यात वेगळी रिकव्हरी टाकली होती. मी फोन तिच्यातून चालू केला आणि कशालाही हात लावायच्या आधी रेकॉर्डिंगचं अख्खं फोल्डर माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग सिस्टिममध्ये गेलो.

नातवाने ‘बिल्ड डॉट प्रॉप’ नावाची फाइल बदलली होती. ही फोनची जन्मपत्रिका म्हणा. फोनचं मॉडेल कोणतं, पडद्यावरची अक्षरं केवढी, आवृत्ती कुठली, अशा ओळी तिच्यात असतात आणि फोन चालू होताना त्या वाचतो. गंमत म्हणजे पोराने लिहिलेल्या ओळी बरोबर होत्या. बिघडली होती ती फाइलची परवानगी. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन आकडे असतात. पहिला मालकासाठी, दुसरा गटासाठी, तिसरा बाकी सगळ्यांसाठी. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, आणि त्यांची बेरीज. या फाइलला हवे ६४४, म्हणजे मालक वाचेल आणि लिहील, बाकीचे फक्त वाचतील. ती झाली होती ६६६, म्हणजे कुणीही येऊन लिहा. आणि अँड्रॉइड सुरू होतानाचा नियम असा की जी फाइल कुणालाही बदलता येते तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ती वाचायचीच नाही. आतली प्रत्येक ओळ खरी असूनही फोनने ती फाइल नाकारली होती. मी आकडा ६४४ केला, फोन चालू केला. दोन मिनिटं लोगो, मग पडदा, मग यजमानांचा वॉलपेपरवरचा फोटो.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मी रेकॉर्डिंगची यादी उघडून फोन मावशींच्या हातात दिला आणि म्हणालो, “तुम्हीच दाबा.” त्यांनी दाबलं, ऐकलं, डोळे पुसले. मग बोट वर सरकवत त्या यादीच्या जुन्या भागात गेल्या. तिथे मुलाच्या वेळचे कॉल होते. मुलगा आणि सून यांच्यातले. त्या घरात तेव्हा वाटण्यांवरून काय चाललं होतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

“ह्यातलं ते दोघं माझ्याबद्दल काय बोलत्यात ते लावून दे,” मावशी म्हणाल्या.

मी म्हणालो, “मावशी, ते त्याला विचारून ऐका.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मग हा फोन माझा कसा रं?”

मी ते कॉल लावले नाहीत आणि पुसलेही नाहीत. लॅपटॉपवरची प्रत त्यांच्यासमोर पुसली, फोन त्यांच्याकडे दिला. पुढे त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

*

मावशींचा प्रश्न चुकीचा नव्हता. फोन माझा तर आतलं सगळं माझं, हे मीच इतकी वर्षं म्हणत होतो. त्यांनी ते वाक्य शेवटपर्यंत नेलं, एवढंच. आणि शेवटी नेल्यावर ते टिकत नाही. फोन त्यांचा होता, पण त्यातला सुनेचा आवाज सुनेचा होता. वाडा विकत घेतला म्हणून माळ्यावर सापडलेली आधीच्या भाडेकरूची पत्रं आपली होत नाहीत. वस्तूची मालकी आणि वस्तूत साठलेल्या माणसांची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रूटला हा फरक कळत नाही. शून्य क्रमांकाला सगळ्या फाइली सारख्याच.

फोनच्या रचनेत हा फरक आहे, आणि तो नीट आहे. सिस्टिमच्या फाइली ६४४ असतात. सगळ्यांनी वाचाव्यात, एकानेच बदलाव्यात. प्रत्येक अ‍ॅपचा खासगी कप्पा मात्र ज्याचा त्यालाच उघडतो, शेजारच्या अ‍ॅपला तो दिसतही नाही. यात मला एक साधं नीतिशास्त्र दिसतं. ज्या नियमांवर सगळ्यांचं चालतं ते सगळ्यांना वाचता आले पाहिजेत. जे एकाचं आहे ते त्या एकालाच वाचता आलं पाहिजे.

आपल्या ओळखीचं उदाहरण सातबाऱ्याचं. सातबारा कुणीही बघू शकतो. पण त्यावर लिहायचं तर फेरफार लागतो, नोटीस लागते, हरकतीची मुदत जावी लागते, तलाठ्याची नोंद मंडळ अधिकारी मंजूर करतो. जुनं नाव खरडून टाकत नाहीत, कंस करतात, म्हणजे आधी काय होतं ते दिसत राहतं. हे ६४४च आहे, आणि वर बॅकअपही. सातबारा ६६६ झाला तर गावात काय होईल, हे वेगळं सांगायला नको. आणि तो कुणाला वाचताच आला नाही तर काय होतं, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या जमिनी नुसत्या अंगठ्यावर गेल्या त्यांना विचारा.

आता आपल्या हातातल्या फोनकडे या नजरेने बघा. जे सगळ्यांना वाचता यायला हवं ते आपल्याला वाचता येत नाही. फोन मागच्या दाराने कुणाला काय पाठवतो, कुठलं अ‍ॅप का काढता येत नाही, हे बंद आहे. आणि जे फक्त आपलं असायला हवं, आपण कुठे गेलो, काय शोधलं, रात्री किती वाजता जागे होतो, ते मात्र आपल्याला नावही माहीत नसलेल्या कंपन्या वाचतात. परवानग्या उलट्या बसल्या आहेत. रूट करणाऱ्या पोराची चीड इथून येते आणि ती खरी आहे. त्याने एवढंच लक्षात ठेवावं की रूट घेतल्यावर तो स्वतः सगळ्या परवानग्यांच्या वर बसतो. कंपनीच्या खुर्चीत आता तो आहे.

लिनक्सच्या जगात हे फार आधी ओळखलं गेलं. ‘सुडू’ ही आज्ञा वापरून पहिल्यांदा रूटचा अधिकार घेतला की पडद्यावर तीन ओळींची समज येते. ताकदीबरोबर जबाबदारी येते ही तिसरी, आणि लिहिण्याआधी विचार करा ही दुसरी. या दोन सगळ्यांना आठवतात. पहिली ओळ कुणाला आठवत नाही. ती म्हणते, दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखा. आधी ती, मग बाकीचं. ती ओळ संगणक पाळायला लावू शकत नाही, म्हणूनच ती माणसाला सांगावी लागते.

*

मग बँकेच्या अ‍ॅपशी खोटं बोलायचं का? रूट केलेल्या पोरांचा हा रोजचा प्रश्न आहे. अ‍ॅप फोनला विचारतं, तुझ्यात काही बदल केलेत का? आणि फोनला ‘नाही’ म्हणायला शिकवता येतं. त्याची साधनं तयार आहेत.

माझं मत असं. प्रश्न विचारायचा हक्क आहे का, हे आधी बघावं. एखादं गेम किंवा सिनेमाचं अ‍ॅप विचारत असेल तर माझ्या घरात डोकवायचं त्याला कारण नाही. बँकेचं तसं नाही. फसवणूक झाली तर नुकसान कुणाचं हे ठरवताना बँक त्याच उत्तरावर भिस्त ठेवणार असते. तिथे ‘नाही’ म्हणवून घेणं म्हणजे करारावर खोटी सही करणं. म्हणून मी पैशाचा फोन बंदच ठेवला आहे आणि उघडा फोन वेगळा. पण हे उत्तर ज्याच्याकडे दोन फोन आहेत त्याचं आहे. ज्याच्याकडे एकच जुना फोन आहे, ज्याचं अपडेट थांबलंय, त्याला बँक हवी की स्वतःच्या फोनवरचा ताबा, यांतलं एक निवडावं लागतं. नीतीचा भार असा नेहमी कमी पैसेवाल्यावर जास्त पडतो, हे मान्य केल्याशिवाय त्याला उपदेश करू नये.

‘अर्धवट ज्ञान धोक्याचं’ असंही त्याला सांगितलं जातं. आमच्या तालुक्याने या वाक्याचं उत्तर फार पूर्वी दिलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यातल्या बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, कितीतरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाळंतपण, जुलाब, लहान मुलांची वाढ, हे सगळं त्यांना शिकवलं. डॉक्टरांचं ज्ञान अशा हातांत देणं म्हणजे जिवाशी खेळ, असं कुणालाही वाटलं असतं. आरोळे दांपत्याने तसं मानलं नाही, पण ज्ञान देऊन ते मोकळेही झाले नाहीत. त्या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, काय केलं ते सांगायच्या, पुढचं शिकायच्या आणि आपल्या गावात परत जायच्या. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं नाव जगभरच्या आरोग्याच्या अभ्यासात गेलं. अर्धवट ज्ञानावर उपाय म्हणून त्यांनी दार लावलं नाही, उरलेलं अर्धं शिकवलं.

रूटचंही तसंच व्हायला हवं. फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढ. बदललेल्या फाइलचे आकडे तपास. दुसऱ्याचा फोन त्याला विचारल्याशिवाय उघडू नकोस आणि त्यात तिसऱ्याचं काही दिसलं तर त्याच्या संमतीशिवाय वाचू नकोस. यातलं एकही वाक्य कुलपात बसवता येत नाही, शिकवावं मात्र सहज लागतं.

*

कायदा या दिशेने हळूहळू सरकतोय. अमेरिकेत २०१०मध्ये स्वतःचा फोन उघडायला कॉपीराइट कायद्यातून सवलत मिळाली. आपल्याकडे २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचं संकेतस्थळही सुरू झालं. पण चर्चा बहुतेक सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची होते. किल्लीची फारशी होत नाही.

माझी मागणी लहान आहे. फोन नवा असताना कंपनी कुलूप लावते, कारण ती पहारा देत असते. दर महिन्याला, दर तीन महिन्यांनी भगदाडं बुजवत असते. तोवर कुलूप तिच्याकडे असण्याला कारण आहे. ज्या दिवशी ती म्हणते की या फोनला आता अपडेट मिळणार नाही, त्या दिवशी पहारेकरी निघून गेला. मग बाहेरून लावलेली कडी तशीच ठेवून जायचा त्याला काय अधिकार? आत अजून लोक राहतात. जाताना किल्ली आत द्यावी. ज्याला नको त्याने ती खुंटीला टांगून ठेवावी, ज्याला हवी त्याने दार उघडावं आणि दुसऱ्याच्या खोलीत शिरण्याआधी कडी वाजवावी.